दोन श्रावणांचं वर्ष

माझ्या मित्राचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी गांजाबद्दल सांगणार आहे, आणि गांजाची गोष्ट सांगताना माणसं एकटेपणा, परदेश, बर्फ असली कारणं पुढे करतात. मला तसलं काही नव्हतं. नोकरी होती, बायको होती, मुलगी होती, न्यू जर्सीत पिस्कॅटवेला दोन बेडरूमचं अपार्टमेंट होतं. आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये तो होता.

दोन हजार एक साली आम्ही दोघं पुण्याच्या एकाच कंपनीतून, एकाच प्रोजेक्टवर, एकाच विमानानं आलो. माझी मुलगी तेव्हा तान्ही होती, म्हणून बायको वर्षभर माहेरीच राहिली आणि आम्ही दोघं एका घरात राहिलो. तो माझ्यापेक्षा वर्षानं लहान. ड्रायव्हिंग टेस्ट तो पहिल्या फेरीत पास झाला, मी तिसऱ्या. क्लायंटच्या मॅनेजरला महिन्याभरात त्याचं नाव नीट उच्चारता यायला लागलं, माझं शेवटपर्यंत आलं नाही. आयुष्यात कधी गॅसजवळ न गेलेला हा माणूस दोन आठवड्यांत असं वरण करायला शिकला की मी आईला फोनवर सांगायचं टाळलं. त्यानं मला कधी काही कमी केलं नाही, उलट जे येईल ते निम्मं माझ्यापुढे ठेवलं. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार अवघड जातं, आणि म्हणून तो जास्त टिकतो.

गांजाही आम्ही एकत्रच सुरू केला. ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्यानं त्याच्या घरामागच्या अंगणात बार्बेक्यूला बोलावलं होतं. तिथं एक जॉइंट फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. मित्रानं दोन झुरके घेतले, खोकला, हसला आणि उठून मक्याची कणसं उलटायला निघून गेला. मी खुर्चीत बसून राहिलो. दोन तास बसलो असेन. त्या दोन तासांत, अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच, माझ्यापुढे कोणी आहे असं मला वाटलं नाही. तो समोर उभा राहून कणसं भाजत होता, सगळे त्याच्याशी बोलत होते, आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं. मला तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सोमवारी मी त्या सहकाऱ्याला विचारलं, कुठं मिळतं.

मित्र कधीतरी शनिवारी ओढायचा, असलं तर. नसलं तर त्याच्या लक्षातही यायचं नाही. मी आधी शुक्रवार-शनिवार, मग एक दिवसाआड, मग रोज ऑफिसातून आल्यावर. पुढच्या वर्षी बायको मुलीला घेऊन आली, मित्र समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायला गेला, आणि आठवड्याभरात बायकोला माझ्या जॅकेटचा वास आला. तिनं सरळ विचारलं. मीही सरळ सांगितलं, आणि सांगताना श्रावण पुढे केला.

माझे वडील अकरा महिने प्यायचे आणि श्रावणात बाटली कपाटात बंद करायचे. आषाढातल्या अमावास्येला, गटारीला, ते पोटभर पिऊन घ्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर सोवळे. घरात सगळे म्हणायचे, श्रावण पाळतात ना, मग ताब्यात आहे. बायकोच्या माहेरी तिच्या काकांचं तेच. त्यामुळे मी जेव्हा म्हणालो, ‘‘अगं, मागच्या श्रावणात महिनाभर हात लावला नाही, व्यसन असतं तर जमलं असतं का?’’, तेव्हा तिनं थोडा विचार केला आणि मान हलवली. आम्ही दोघंही इंजिनीअर. दोघांनाही त्या वाक्यात काही चुकीचं दिसलं नाही.

मी खरोखरच श्रावण पाळायचो. म्हणजे पाळायचो असं मी धरून चाललो होतो. उपवासाला जसं साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, मग हळूहळू वेफर्सही चालतात, तसं माझं होतं. दुसऱ्यानं वळलेला असला तर चालतो. सोमवार सोडून चालतो. पण तारीख मात्र मी चुकवत नसे. जूनमध्येच आईला फोन करून विचारायचो, ‘‘आई, श्रावण कधी लागतोय गं?’’ तिला भरून यायचं. शेजारणींना सांगायची, अमेरिकेत राहून मुलाला श्रावण आठवतो.

दोन हजार चार साली तिनं सांगितलं, ‘‘अरे, यंदा अधिक श्रावण आहे. दोन श्रावण.’’

मी फोन ठेवला आणि बोटांवर दिवस मोजले. दोन महिने! संध्याकाळी मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘दोन तर दोन, यार. मला काय?’’ आणि त्यानं खरंच दोन्ही पाळले. मी मात्र शास्त्र काढलं. अधिक महिन्यात सणवार नसतात, तेव्हा खरा श्रावण तो निजच, तेव्हा गटारी निजाच्या आदल्या दिवशी, तेव्हा हा महिना मोकळा. शिवाय लोक म्हणतात म्हणून खबरदारी घ्यायची तर पहिली गटारीही करून घ्यावी. अशा मी त्या वर्षी दोन गटाऱ्या केल्या. मित्र दोन्हींना माझ्याबरोबर लिंबूपाणी पीत बसला आणि मला तो गुळगुळीत, शांत चेहरा सहन झाला नाही.

अधिक महिन्यात जावयाला अनारसे देतात, तेहतीस. सासूबाईंनी कोणा येणाऱ्याबरोबर डबा पाठवला. बायको ऑफिसातून यायच्या आत, ओढून झाल्यावर जी खाखा सुटते त्या भरात, मी त्यातले सव्वीस खाल्ले. बायकोनं कौतुकानं आईला फोन केला, ‘‘आई, तुझ्या जावयानं एका बैठकीत डबा संपवत आणला.’’ सासूबाईंच्या आवाजातला आनंद मला फोनपासून लांब बसूनही ऐकू येत होता. मुलीनं डब्यात बोट फिरवून खसखस चाटली.

मग निज श्रावण लागला आणि मला तो चार दिवससुद्धा पाळता आला नाही.

इथं आमच्या दिवसाची रीत सांगायला हवी. बायकोला न्यूयॉर्कमध्ये नोकरी लागली होती, ती ट्रेननं जायची आणि घरी यायला सात वाजायचे. माझं ऑफिस जवळ. म्हणून मुलीला डे-केअरमधून सहाच्या आत आणणं हे माझं काम. घरातलं तेवढं एकच काम पूर्णपणे माझं होतं. नागपंचमी होऊन तीन-चार दिवस झाले असतील. मी ऑफिसातून लवकर निघालो, एका पार्कच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, अर्धा जॉइंट ओढला आणि सीट मागे केली. पाच मिनिटं म्हणून. फोन सायलेंटवर होता. डोळे उघडले तेव्हा सात वाजायला आले होते.

डे-केअरला कुलूप होतं. काचेच्या दारातून आत पाहिलं, छोट्या खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. फोनवर बायकोचे अकरा कॉल. तशाच डोक्यानं गाडी चालवत मी घरी आलो, याची मला आजही भीती वाटते. घर बंद. मग समोरच्या बिल्डिंगमध्ये गेलो.

मित्राच्या डायनिंग टेबलावर दोन उशांवर बसून मुलगी वरणभात खात होती. बायकोची ट्रेन मध्येच अडकली होती. तिनं डे-केअरला फोन करून परवानगी दिली आणि त्याला पाठवलं होतं. त्याच्या गाडीत कार सीट नाही, म्हणून तो चालत गेला आणि तिला खांद्यावर बसवून घेऊन आला. ‘‘बाबा, काका इज सो टॉल!’’ मुलगी म्हणाली. ती रडलेली नव्हती. तिचे हात धुतलेले होते, केस विंचरलेले होते. ती त्याच्या हातून खात होती. माझ्या हातून ती भात कधीच खायची नाही.

मला लाज वाटायला हवी होती. पुढे फार वाटली, पण त्या क्षणी नाही. त्या क्षणी मला त्याच्या हातातली ती ताटली उधळून द्यावीशी वाटली.

मित्र मला किचनमध्ये घेऊन गेला. हळू आवाजात म्हणाला, ‘‘अरे, सोड ना आता. मी तर अधिकातच सोडलं. पाळायचं म्हणून सोडलं आणि आता परत घ्यावंसंच वाटत नाही.’’

‘‘सोडायला तुला लागलं होतं कुठं?’’ मी म्हणालो.

‘‘तेच सांगतोय,’’ तो म्हणाला. ‘‘तुला लागलंय.’’

इतकी साधी गोष्ट तीन वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती, आणि सांगितली तीही नेमकी त्यानं. मी मुलीला उचललं आणि आभार न मानता निघालो.

बायकोनं त्या संध्याकाळी आवाज चढवला नाही. दोन दिवसांनी तिनं डे-केअरचा एक फॉर्म आणला. मुलीला न्यायला कोण येऊ शकतं, त्याची यादी. त्यात तिनं मित्राचं नाव लिहिलं होतं आणि माझ्या नावावर रेघ मारली होती. खाली माझ्या सहीसाठी जागा होती, कारण बापाचं नाव काढायला बापाचीच सही लागते, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं.

‘‘तीन महिने क्लीन राहा,’’ ती म्हणाली. ‘‘तोंडी नको. टेस्टचे कागद आण. त्या दिवशी मी स्वतः तुझं नाव परत लिहीन. नाही जमलं तर मी तिला घेऊन पुण्याला जाईन. मी विचार करून बोलतेय.’’

मी सही केली. सही करताना वर त्याची सही दिसली आणि मनात एवढंच आलं की त्याचं अक्षरसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं आहे.

त्यानंतर रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी खिडकीत उभा राहायचो. त्यानं कार सीट विकत आणली होती. तो गाडी लावायचा, मागचं दार उघडायचा, वाकून पट्टा सोडायचा, आणि माझी मुलगी उडी मारून उतरायची. कधी तिच्या हातात काही रंगवलेलं असायचं. ते ती आधी त्याला दाखवायची, आणि माझ्यापर्यंत येईपर्यंत तिचा त्यातला रस संपलेला असायचा. मी ते पाहायचो, मग बाथरूमचा पंखा लावून ओढायचो, म्हणजे ते पाहिलेलं वाटेनासं व्हायचं. हे असं गणपतीपर्यंत चाललं. गणपतीत सोडेन म्हणालो, दीड दिवस सोडलं. दीड दिवसाचा आमचा गणपती आणि तेवढाच माझा निग्रह.

विसर्जनाच्या संध्याकाळी बनियन घामानं भिजला होता, आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणून मी बायकोवर ओरडलो. मुलगी उठली, चपला घालायला लागली. मी विचारलं, कुठं चाललीस? ती म्हणाली, ‘‘टू काका’ज.’’ दुसऱ्या दिवशी मी इन्शुरन्सच्या कार्डामागचा व्यसनमुक्तीचा नंबर फिरवला.

तो नंबर फिरवायला मला भीती का वाटत होती, तेही सांगतो. आमचं ग्रीनकार्ड प्रोसेसमध्ये होतं. त्यासाठी मेडिकल असते आणि त्यात ड्रग्जबद्दल विचारतात. ओळखीच्या मराठी डॉक्टरकाकांकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता, रविवारी मंडळात पोह्यांबरोबर बातमी वाढली गेली असती. कुठं नोंद झाली तर काय, कोणी कळवलं तर काय, याची उत्तरं मला कोणाला विचारायचीही सोय नव्हती. मित्राची मेडिकल तोपर्यंत होऊन गेली होती. अर्थातच स्वच्छ.

त्यांनी सांगितलेलं केंद्र अर्ध्या तासावरच्या गावात होतं. दातांच्या दवाखान्याच्या वर. तिथली समुपदेशक साठीची एक गोरी बाई होती, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेली. तिनं विचारलं, आजवर सर्वांत जास्त दिवस न ओढता कधी राहिलात? मी ताठ बसलो आणि श्रावण सांगितला. सगळा सांगितला, महादेव, सोमवार, वडील, आईचा फोन. तिनं ते मन लावून ऐकलं, दोन शब्दांचं स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. मग म्हणाली, ‘‘आणि तो महिना सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही काय करता?’’

तिला गटारी माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

‘‘आणि संपल्यावर, दुसऱ्या दिवशी?’’

अख्ख्या महाराष्ट्रात जे कोणी आम्हाला विचारलं नाही, ते त्या बाईनं पहिल्या दहा मिनिटांत विचारलं. माझे वडील महिनाभर पीत नसत, पण तो महिनाभर ते दिवस मोजत असत. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर ते सकाळी चहाचा कप घेऊन उभे राहायचे, ते मला तिथं, त्या खुर्चीत बसून आठवलं. मला फार रडू आलं. बाईनं टिश्यूचा डबा सरकवला आणि पुढचा प्रश्न विचारला.

आठवड्यातून तीन संध्याकाळी ग्रुप असायचा. नऊ जण. तिथंही माझा स्वभाव गेला नाही. कोणी दारूनं लिव्हर घालवलेलं, कोणी हेरॉइनमुळे तुरुंगात जाऊन आलेलं, आणि मी म्हणालो, गांजा. एक म्हातारा ट्रकड्रायव्हर म्हणाला, ‘‘एवढंच?’’ मला त्यांच्या व्यसनाचासुद्धा हेवा वाटला. त्यांचं खरं होतं, माझं जणू शिकाऊ. एका इलेक्ट्रिशियनचे नव्वद दिवस पूर्ण झाले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी घरी येईपर्यंत त्या टाळ्या ऐकत होतो.

पहिले तीन आठवडे झोप नव्हती. झोप आली की स्वप्नं यायची, ती इतकी स्पष्ट की सकाळी बायकोची माफी मागावीशी वाटायची. जेवण जात नव्हतं. दर आठवड्याला कपात लघवी करून द्यायची. पहिले कपही लगेच क्लीन येत नाहीत, अंगातलं निघायला महिना जातो. तेही निघालं, आणि दिवाळीत मी पुन्हा एकदा ओढला. टेस्टमध्ये आलं. बायकोनं कागद पाहिला, घडी घातली आणि म्हणाली, ‘‘आजपासून परत तीन महिने.’’

डिसेंबरात केंद्रातल्या बाईंनी घरच्या एका माणसाला घेऊन यायला सांगितलं. बायको म्हणाली, ‘‘मी नाही येणार. मी नुसती चिडेन आणि ती मी तुला रोजच दिसते. तू सारखा ज्याच्याबद्दल बोलतोस, त्याला ने.’’

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाईंनी मला सांगितलं, यांना जे कधी सांगितलं नाही ते सांगा, तुमच्या भाषेत बोललात तरी चालेल. मी म्हणालो, ‘‘मला तुझा हेवा वाटतो. पहिल्यापासून. तुझ्या वरणाचासुद्धा. आणि माझी मुलगी तुझ्या गाडीतून उतरते तेव्हा मला तू मेलास तर बरं असं वाटतं.’’

त्यानं शर्टाची बाही नीट केली. मग म्हणाला, ‘‘ते मला माहीत आहे रे. तू लपवतोस कुठं?’’ आणि पुढे, ‘‘पण मीही एक सांगतो. दिवाळीत तुझी टेस्ट खराब आली ना, वहिनींनी सांगितलं. तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, अजून तीन महिने. घरी आई स्थळांचे फोटो पाठवते आणि मी ते उघडतही नाही. तुझी पोरगी मागच्या सीटवर बसून बडबडते, तेवढी वीस मिनिटं सोडली तर अख्ख्या दिवसात मला घरचं असं काही नसतं. आणि ती तुझी आहे. तू रोज धुरात बसायचास आणि तरी ती तुझीच होती.’’

बाई आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्यांना काही सांगावं असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. परत येताना गाडी तो चालवत होता. तीन वर्षं ज्याच्यावर मी जळत होतो, तो माझ्यावर जळत होता, हे कळल्यावर मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीही शरम वाटली.

फेब्रुवारीत तीन महिने भरले. बायकोनं बोलल्याप्रमाणे स्वतः फॉर्म भरला, माझं नाव लिहिलं, त्याचंही ठेवलं. मी त्या दिवशी साडेपाचलाच डे-केअरला पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग होते. आत गेलो, टीचरनं यादी पाहिली, माझं लायसन्स पाहिलं आणि मुलीला हाक मारली.

ती कोट घालून, दप्तर घेऊन धावत आली आणि मला बघून थांबली. मागे दाराकडे पाहिलं, आणखी कोणी आहे का. मी गुडघ्यावर बसलो, हात पुढे केले आणि म्हणालो, ‘‘चल पिल्लू, बाबा आलाय न्यायला.’’

‘‘बाबा,’’ ती हळूच म्हणाली, मला ओशाळं वाटू नये म्हणून असेल, ‘‘आर यू अलाउड?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘आता अलाउड आहे.’’

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मान वळवून टीचरकडे पाहिलं. टीचरनं मान हलवली, तेव्हा ती आली.